पट्टीवरची रेघ आणि खळ्यावरचं मातेरं

शंकेखोर : तू ती धान्य तपासायची पट्टी आणलीस, बरं केलंस. पण आधी एक ऐक, पोरी. माझी आजी जात्यावर बसायच्या आधी मूठभर बाजरी तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची, नाकाशी न्यायची आणि दोन दाणे दाताखाली फोडायची. तेवढ्यात तिचा निकाल लागायचा. कुबट वास आला की बाजरी उन्हात, भुरकट दिसली की सुपात, आणि अगदीच गेलेली असली की गुरांपुढे. शेंगदाणा कडू लागला की आपणही थुंकून टाकतोच. पेवातली ज्वारी आंबूस लागायची, ती खाऊन माणसं नव्वदीला पोचली. आता तू म्हणतेस, काही शे रुपयांची पट्टी बुडवायची आणि रेघ उमटते का बघत बसायचं. आपल्या खुटबावात बाजरी विकायला किती जण करतात? कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे, पैसा उसाचा. बाजरी करायची ती घरच्या भाकरीला, आणि तिचं सरमाड जनावरांना. घरच्या भाकरीला कसली आलीय परीक्षा?

आग्रही : काका, आजींच्या नाकाला मी नावं ठेवत नाही. पण नाकाला कळते ती बुरशी, विष नव्हे. दोन्ही एकच असते तर मी पट्टी आणलीच नसती. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी दाण्यावर वाढते आणि आत अफ्लाटॉक्सिन सोडते. तुम्ही धान्य उन्हात घातलं, बुरशी वाळली, उपणताना झडूनही गेली. विष मात्र दाण्यातच राहिलं. त्याला वास नाही, आणि इतक्या थोड्या प्रमाणात रंगही दिसत नाही. ते मोडायला २५० अंशांच्या वर आच लागते. भाकरी वरून करपली तरी तिच्या पोटात ओल असते तोवर तिथं १०० अंशांच्या पुढे काही चढत नाही. म्हणून तवा, कुकर, उकळी, यांपैकी कशानंही ते पुरतं जात नाही. उलटही खरं आहे, बुरशी दिसली म्हणजे विष असेलच असं नाही. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा हे विष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडलं. तोवर जगात कुणाला या विषाचं नाव माहीत नव्हतं. आपल्याकडे कायद्यानं धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅम चालतं. म्हणजे एका क्विंटलमागे दीड मिलिग्रॅम, मिठाच्या चिमटीपेक्षा कितीतरी कमी. एवढ्याशा गोष्टीसाठी नाकावर विसंबायचं?

शंकेखोर : आता तू बांसवाड्याचं सांगशील, म्हणून मीच सांगतो. १९७४ साली राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल इथं आदिवासी वस्त्यांत कावीळ झाली, पोटात पाणी झालं आणि शंभरावर माणसं गेली. त्यांनी मका खाल्ला होता. त्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम विष निघालं, म्हणजे तुझ्या हद्दीच्या चारशे ते हजार पट. पण ती बुरशी काय लपलेली होती? काढणीच्या आधी अवेळी पाऊस झाला, कणसं भिजली, ओली तशीच साठवली. बुरशी डोळ्यांना दिसत होती. वस्तीतली कुत्रीही तेच खाऊन मेली. ज्यांना दुसरं काही विकत घेता आलं ती घरं वाचली. मग सांग, त्या घरात तुझी पट्टी असती तर काय झालं असतं? रेघ उमटली नसती, म्हणजे मका नापास, आणि तो तरीही शिजला असता. भुकेला पट्टीनं उत्तर देता येत नाही.

दुसरं, या विषावर आळ घ्यायची घाईही फार झालेली आहे. लहान मुलांचं लिव्हर सुकत जायचं, लेकरं जायची, तो आजार आठवतो? एकेकाळी त्याचा संशय अफ्लाटॉक्सिनवरच होता. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आनंद पंडित आणि शीला भावे, त्यांच्याबरोबर इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर, यांनी १९८३ साली वेगळाच चोर दाखवला. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात बाळाचं दूध तापवून ठेवायचे, त्यातून तांबं उतरायचं. घरात स्टीलची भांडी आली आणि आजार ओसरला. धान्याच्या मागे लागलो असतो तर अजून लेकरं पुरत बसलो असतो.

आग्रही : तुमच्या दोन्ही गोष्टी मला मान्य, पण त्या माझ्याच बाजूनं साक्ष देतात. पितळी भांड्याचा चोर सापडला कसा? दुधात तांबं किती आणि लिव्हरमध्ये किती, हे मोजलं म्हणून. मोजलं नसतं तर पाहणाऱ्याला पितळेचा पेला चकचकीतच दिसला असता. बांसवाड्याचं म्हणाल तर बुरशी दिसत होती, हे खरं. पण बुरशी लागलेला मका खाल्ला की पोट बिघडतं एवढंच माहीत होतं. माणूस मरतो हे माहीत नव्हतं. दिसणं आणि कळणं यांत अंतर आहे.

आणि तुम्ही परीक्षा नको म्हणता, पण बाजरीची एक परीक्षा तुम्ही स्वतः करता. मृगाच्या पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घालून बी त्यात कोण ओततं? अरगट लागलेलं काळपट बी वर तरंगतं, ते काढून जाळता, खालचं धुऊन पेरता. ती परीक्षाच आहे, पट्टीऐवजी मीठ इतकंच. ती आली कुठून? बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा राहिली की कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो आणि पुढे दाण्याच्या जागी ती काळी गाठ धरते. १९५६-५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन गावंच्या गावं उलट्या, गरगरणं आणि न उतरणारी झोप यांनी पडली होती. त्या विषाला निदान आकार होता, रंग होता, ते पाण्यावर तरंगत होतं. म्हणून मिठाचं पाणी पुरलं. अफ्लाटॉक्सिन तरंगत नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या खेड्यांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, जुलाब झाले. तिथं फ्युमोनिसिन नावाचं तिसरंच विष निघालं. तेही तरंगत नाही. ज्या विषाला मीठ पुरत नाही, त्याला पट्टी. एवढंच मी म्हणते.

शंकेखोर : मिठाच्या पाण्याचं बरं आठवलंस. त्यात आणि तुझ्या पट्टीत एक मोठा फरक आहे. मिठाच्या पाण्यात माझं सगळं बी पडतं, एकही दाणा सुटत नाही. तुझ्या पट्टीला किती दाणे पुरतात? मूठभर दळलेले. आता हिशेब कर, तुम्हीच शिकवलेला. मक्याच्या एकेका दाण्यात किलोमागे चार लाख मायक्रोग्रॅमच्या प्रमाणात विष सापडलेलं आहे. दाण्याचं वजन धर ०.३ ग्रॅम. म्हणजे त्या एका दाण्यात १२० मायक्रोग्रॅम. तो एक दाणा ८ किलो चांगल्या मक्यात मिसळला तर ते सगळे ८ किलो तुझ्या हद्दीला टेकतात. ८ किलोत दाणे किती? सव्वीस-सत्तावीस हजार. त्यातला एकच वाईट. पोत्यात टोकदार नळी खुपसून तू जे काढशील त्यात तो आला तर माझं पोतं नापास, नाही आला तर पास. म्हणजे ही परीक्षा माझ्या धान्याची की माझ्या नशिबाची?

आणि नशीब वाईट निघालं तर किंमत कोण मोजतं? आडतीवर आज ओलाव्याचं यंत्र आहे. १४ टक्क्यांच्या वर आकडा गेला की भाव पडतो. पण आकडा १२ आला तर भाव वर चढल्याचं तू कधी ऐकलंस? माप कुठलंही येऊ दे, घेणाऱ्याच्या हातात ते एकाच बाजूला झुकतं. आधी कडता होता, मग ओलावा आला, उद्या पट्टी येईल. नापास म्हणून भाव पाडायचा, आणि तोच माल पुढे पास म्हणून विकायचा. आपल्याकडे दुसरी पट्टी लावायला ना वेळ, ना पैसा.

आग्रही : नमुन्याचं तुम्ही म्हणता ते या शास्त्रातलं सगळ्यात अवघड दुखणं आहे. यंत्र फार क्वचित चुकतं, चूक होते ती नमुना काढताना. म्हणूनच शहाणी पद्धत एका पोत्यातून मूठ घ्यायला सांगत नाही. ढिगाच्या पन्नास-शंभर जागांवरून थोडं थोडं घ्यायचं, पाच-दहा किलो जमवायचं, सगळं दळायचं, कालवायचं आणि मग त्यातलं चिमूटभर तपासायचं. पण खळ्यावर हे कोण करणार, हेही मला कळतं. म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून विचार करते. आपल्या गावात रोज असा एक नमुना तयार होतो की जो आधीच कालवलेला असतो.

दूध. गाय दिवसभर जे खाते त्याचं मिश्रण तिच्या पोटात होतं. खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा शंभरातला एखाद-दोन भाग, भरपूर दूध देणाऱ्या गाईत त्याहून जास्त, रूप बदलून दुधात उतरतो. त्याला एम-१ म्हणतात. गाईला ५ किलो पेंड दिली आणि त्या पेंडीत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम विष असलं, तर पोटात गेलं ५००. त्याचे दोन टक्के म्हणजे १०. गाय १५ लिटर देत असेल तर लिटरला ०.६७ मायक्रोग्रॅमच्या आसपास. आपल्याकडची हद्द अर्धा मायक्रोग्रॅम. पेंड २० च्या आत असली तर हेच गणित ०.१३ वर येतं, आणि दूध पास होतं. युरोपात ते पासही झालं नसतं, तिथली हद्द ०.०५ आहे. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, त्यातल्या ३६८ मध्ये एम-१ हद्दीबाहेर होतं. दुधात पाणी, युरिया शोधायला गेलेल्यांना त्याहून मोठा दोष खाद्यात सापडला. संकलन केंद्रावर रोज सकाळी फॅट आणि एसएनएफ लागतंच. आठवड्यातून एकदा त्या कॅनला एक पट्टी. दूध नापास झालं तर खाद्य बदला; चार-सहा दिवसांत ते खाली येतं. मक्याचं पोतं नशिबावर पास होईल, दूध नशिबावर पास होत नाही.

शंकेखोर : दूध खोटं बोलत नाही, मान्य. पण ते बोलतं कुणाविरुद्ध? सरकी पेंड मी विकत आणली, गोळी पेंड मी विकत आणली, मक्याचा भरडा विकत आणला. पोत्यावर प्रथिनं छापलेली, स्निग्धांश छापलेला, शिक्का मारलेला. ती पेंड कुठल्या गोदामात किती महिने घाम धरत पडली होती, मला काय ठाऊक? घरचं म्हणशील तर एक मुरघास. तो नीट दाबला नाही, कागद फाटला, तर वरचा थर पांढरा-हिरवा होतो. ती चूक माझी, ती मी पत्करीन. पण पेंडीची चूक दुधात निघाली तर दूध ओतायचं माझं, दंड माझा, केंद्रावर नाव माझं. ज्याच्या गोदामात बुरशी वाढली त्याचं नाव कुठल्या पट्टीवर उमटत नाही. तुझं सगळं शास्त्र साखळीच्या ज्या कडीवर येऊन थांबतं, ती कडी सगळ्यात गरीब असते.

आणि मघाशी मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात आलं का? आजी काय करायची? अगदीच गेलेली बाजरी गुरांपुढे. तेव्हा ते शहाणपण वाटलं. आता तुझ्याच गणितानं ती बाजरी दुधातून परत नातवाच्या पेल्यात आली. नापास धान्य फेकून कोण देतो? पावसात काळी पडलेली ज्वारी भट्टीला जाते, कोंबडीखाद्याला जाते, गोठ्याला जाते. तपासणीनं विष मरत नाही, फक्त खालच्या दारानं जातं. जिथं पट्टी नाही त्या दारानं.

आग्रही : हा मुद्दा माझ्या मनाला लागला, आणि तो मी टाळणार नाही. पण दाराचं म्हणता, तर आज कुठल्या दाराला पट्टी आहे ते पाहू. कोंबडीखाद्याच्या मोठ्या कारखान्यात मक्याची गाडी आली की उतरवायच्या आधी अफ्लाटॉक्सिन पाहतात, कारण कोंबडीची वाढ खुंटली तर पैसा बुडतो. युरोपला जाणारा शेंगदाणा तपासल्याशिवाय बंदर सोडत नाही. त्यासाठी नोंदींची स्वतंत्र व्यवस्था आहे, कुठल्या कारखान्यातला कुठला माल ते त्यावरून कळतं. म्हणजे कोंबडीचं तोंड सांभाळलं जातं, परदेशी माणसाचं सांभाळलं जातं. आपल्या भाकरीचं दार तेवढं उघडं. तुम्ही म्हणता तपासणीमुळे विष खाली सरकतं. मी म्हणते, ते आधीच सरकलेलं आहे, कारण वरच्यांनी तपासणी केली आणि खालच्यांनी नाही. यावर उपाय तपासणी कमी करणं कसा असेल?

शिवाय पट्टीच्या आधीची पायरी स्वस्त आहे. या बुरशीला ओल लागते. दाण्यातलं पाणी १२ टक्क्यांच्या आसपास आणलं की तिची वाढ थांबते. परतीच्या पावसानं २०१९ आणि २०२० ला काय केलं ते आपण पाहिलं; खुडून ठेवलेली कणसं सुडीतच तापली. अशा वर्षी आठवडाभर ताडपत्री, सिमेंटचं खळं आणि गावाचं मिळून एक ओलावा मोजायचं यंत्र, ते घेणाऱ्याच्या हातात नव्हे, आपल्या हातात. विष मोजण्यापेक्षा पाणी मोजणं सोपं. पाणी वेळेवर मोजलं तर पट्टीची वेळच कमी येईल.

शंकेखोर : ओलाव्याच्या यंत्राला मी हो म्हणतो, ते आपल्या हातात असेल तर. पण आता माझी खरी शंका ऐक. ती शास्त्राची नाही, वाटपाची आहे. तू ज्या हद्दी सांगतेस त्या विकायच्या अन्नाला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं शेतकरी, शेतातलं पीक यांना आपल्या कक्षेबाहेरच ठेवलंय, आणि ते ठीकच आहे. नाहीतर खळ्यावर इन्स्पेक्टर उभा राहिला असता. पण त्याचा दुसरा अर्थ असा की जे धान्य बाजाराचं तोंड न बघता शेतातून थेट चुलीवर जातं, त्याला कुणी वाली नाही. बांसवाड्याला मेलेल्यांनी दुकानातला मका खाल्ला नव्हता. आपल्याच शेतातला खाल्ला होता.

आता आपलं खळं बघ. मळणी झाली की वरची स्वच्छ बाजरी पाहुण्याला, बहिणीला, विकली तर विकायला. मधली घरच्या कणगीत. आणि शेवटी जमिनीला टेकलेली, माती-खडे मिसळलेली, दव पिऊन राहिलेली, ते मातेरं. मातेरं कुणाच्या वाट्याला जातं? कोंबड्यांना, आणि खुडणीला आलेल्या बाईला मजुरीच्या वर पायलीभर. ती ते निवडते, पाखडते, दळते. बुरशीचं जे काही असेल ते त्या ढिगात सगळ्यात जास्त, आणि तुझी पट्टी त्या ढिगापाशी सगळ्यात शेवटी पोचणार. पोचलीच तर. म्हणून म्हणतो, खरंच काही करायचं असेल तर पहिली पट्टी मातेऱ्याला लाव.

आग्रही : मातेऱ्याला लावली तर ती बहुतेक नापासच होईल, काका. हे सांगायला पट्टी लागत नाही.

शंकेखोर : मग निकाल माहीत असलेली परीक्षा घ्यायची कशाला?

आग्रही : कारण तुम्हाला-मला माहीत असणं आणि गावाला माहीत असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या बोलण्यातून मला एक वाट दिसते. पोत्याची परीक्षा नको, कारण तिथं नशीब आहे आणि भाव आहे. नावाची परीक्षा नको, कारण तिथं दंड आहे. हंगामाची परीक्षा घेऊ. पिठाच्या गिरणीत प्रत्येक घराचं धान्य येतं. मळेकऱ्याचं येतं, मजुराचंही येतं. तिथं ते आपोआप दळलं जातं. दर डब्यातलं एक चमचा पीठ एका भांड्यात टाकायचं. महिनाभरात दोनशे-तीनशे घरांचं पीठ, कुणाचं नाव नसलेलं, चांगलं कालवलेलं. ते पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवू. यंदाची बाजरी कशी, एवढंच ते सांगेल. तुमचं पोतं कसं, हे सांगणार नाही.

शंकेखोर : हे मला आवडलं, आणि ते आवडलं म्हणूनच भीती वाटते. तीनशे घरांचं पीठ एकत्र केलंस की त्या बाईच्या डब्यातलं विष बाकीच्यांच्या चांगल्या पिठात विरघळेल. सरासरी पास होईल, आणि तिची भाकरी तशीच राहील. पोत्याच्या परीक्षेत एक वाईट दाणा सगळ्यांना बुडवत होता. इथं सगळे चांगले दाणे मिळून तिला लपवतील.

आग्रही : मग भांडी दोन ठेवू. एक कणगीतल्या बाजरीचं, एक मजुरीत मिळालेल्या बाजरीचं.

शंकेखोर : म्हणजे गिरणीच्या दारात विचारायचं, बाई, तुझी बाजरी कणगीतली की मजुरीची? बरं, ती सांगेलही. दुसरं भांडं नापास आलं. त्या दिवशी तू तिच्याकडे जाऊन काय म्हणणार? खाऊ नकोस? गाईचं खाद्य बदलता येतं, कारण गाईच्या मागे दूध आहे आणि दुधामागे पैसा. तिच्या भाकरीमागे काय आहे?

आग्रही : बदली धान्य. तेवढंच वजन, चांगल्या ढिगातलं.

शंकेखोर : कुणाच्या ढिगातलं? मी देईन एकदा, दोनदा. सगळं गाव देईल का? बाजरीच्या हद्दीला कायद्यात आकडा आहे, १५. मजुरीत कुठल्या ढिगातलं धान्य द्यायचं, याला आकडा नाही. तुझ्या तक्त्यात नमुना, तारीख, निकाल असे रकाने असतील. त्यात आणखी एक रकाना काढ, नापास धान्य बदलून कुणी दिलं. तो रकाना भरायची सोय झाली की माझ्या खळ्यावर खुशाल ये, मातेऱ्यापासून सुरुवात कर.

आग्रही : रकाना मी आजच काढते. पण तो भरल्याशिवाय पहिले तीन सुरू करू नका, असं म्हणालात तर मला पटणार नाही. पहिले तीन कोरे असताना चौथा कुणी मागतही नाही. आकडा समोर आला की निदान कुणाला तरी विचारता येतं.

शंकेखोर : आणि मला वाटतं, चौथा कोरा ठेवून पहिले तीन भरत गेलो की लोकांना कोऱ्या रकान्याची सवय होते. बांसवाड्याचे आकडे तुला-मला तोंडपाठ आहेत, ते त्यामुळेच.

आग्रही : यावर मला आत्ता उत्तर सुचत नाही. खुडणी दसऱ्याच्या आगेमागे आहे. तोवर ओलाव्याचं यंत्र तेवढं आणू, आणि ते पहिल्यांदा कुठल्या ढिगात खुपसायचं, हे तुम्ही ठरवा.